हर्षदाच्या कार्डावरचे दोन आकडे

१

मंगळवारी दुपारी शेवटचा पेशंट बाहेर पडला आणि डॉक्टर वशींनी एक पिवळं कार्ड टेबलावर असं आपटलं, की त्यांचा चहाचा कप बशीत थरथरला.

"सुषमाबेन, आ शुं छे?"

डॉक्टर चिडले की गुजरातीत शिरत. एरवी उधन्याच्या या धर्मादाय दवाखान्यात वीस वर्षं खानदेशी पेशंट तपासून त्यांचं मराठी चांगलं मुरलं होतं. सुषमा इथं सहा वर्षं नर्स होती, आणि डॉक्टरांचा राग दारातल्या पायपुसण्याइतकाच तिच्या ओळखीचा होता. पण आजचा राग वेगळा होता. आज ते ओरडत नव्हते.

तिनं कार्ड उचललं. हर्षदा धुडकू सोनवणे, वय अकरा. तक्रार: डोकं दुखतं, चक्कर येते. खाली रक्तदाबाच्या पाच ओळी. पहिली सुषमाच्या हातची, शहाऐंशी. दुसरी डॉक्टरांची, चौऱ्याऐंशी. तिसरी सुषमाची, गेल्या मंगळवारची: एकशे चौसष्ट. चौथी डॉक्टरांची, शनिवारची: पुन्हा चौऱ्याऐंशी. आणि पाचवी आज सकाळची, पुन्हा सुषमाची: एकशे अडुसष्ट.

"मी मोजलाय, साहेब. दोनदा मोजला."

"पोर कुठे आहे?"

"थांब म्हटलं होतं. पण आईला घाई होती, घरी साड्यांचा गठ्ठा न्यायला माणूस यायचा होता. निघून गेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ऐका. गेल्या मंगळवारचा आकडा मी चूक समजून सोडला. पण एकशे अडुसष्ट खरा असेल तर ही पोर आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात पाहिजे. उशीर केला तर मेंदूत रक्तस्राव होईल. आणि खोटा असेल, आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवून दाब उतरवायची गोळी दिली, तर चौऱ्याऐंशीवाली पोर जिना उतरता उतरता पडेल. आता मला सांगा, मी काय लिहू?"

सुषमानं कार्ड पुन्हा टेबलावर ठेवलं.

"उद्या बोलवा तिला. तुमच्यासमोर मोजतो."

बुधवारी हर्षदाला तिचा बाप घेऊन आला. धुडकू रात्रपाळीहून तसाच आला होता, केसांत सुताचा पांढरा भुगा होता. हर्षदा शहाण्यासारखी स्टुलावर बसली, डावा हात पुढं केला. डॉक्टरांनी लहान मुलांचा पट्टा दंडाला गुंडाळला, पारा चढवला, उतरवला. मग काही न बोलता स्टेथोस्कोप सुषमाच्या हातात दिला.

सुषमानं कान लावला. आवाज फार बारीक, लांब कुणीतरी दार वाजवावं तसा. पण होता. आणि तो सुरू झाला बरोबर चौऱ्याऐंशीवर.

"शनिवारी ट्रस्टचे लोक येतात," बाप-लेक गेल्यावर डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता, हेच जास्त वाईट होतं. "त्यांच्यापुढं एक कागद ठेवावा लागेल. हे कार्ड, नाहीतर तुमचा राजीनामा. तुम्ही ठरवा."

२

सुषमाचे वडील काशिनाथ महाजन, पांडेसऱ्यापासून उधन्यापर्यंत काशिनाथ मास्टर म्हणून माहीत होते. चौतीस वर्षं त्यांनी साचे, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, दुरुस्त केले होते. कारीगर साचा चालवतो, बिघडला की मास्टरला हाक मारतो. त्या खडखडाटात त्यांचे कान निम्म्याहून जास्त गेले, त्यामुळे निवृत्तीनंतर ते समोरच्याच्या ओठांकडं बघून ऐकत आणि स्वतः मात्र साचा चालू असल्यासारखे मोठ्यानं बोलत. घरातली गुपितं शेजारच्या तीन खोल्यांना त्यांच्यामुळेच कळत.

आई गेल्यापासून स्वयंपाक वडिलांनी, तिच्या नानांनी, हातात घेतला होता. दोन वर्षांत भरीत बरं जमू लागलं होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र अजून तव्यावर नकाशासारखी पसरे.

"खोटा आकडा लिवला का तू?" बुधवारी रात्री तिचं सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"नाही, नाना."

"मग तो खरा शे."

"पण आज मीच या कानांनी चौऱ्याऐंशी ऐकलं."

"मग तो बी खरा शे."

"दोन्ही कसे खरे असतील?"

"ते मला काय माहीत? मी काय डॉक्टर शे? भरीत घे, थंड होतंय."

भिंतीपलीकडून कुणीतरी हसलं. सुषमालाही हसू आलं, दिवसभरात पहिल्यांदा. नानांनी तिच्या ताटात तेलाची धार सोडली.

"साचा बिघडला की कारीगर ओरडत येतो, मास्टर, कापड खराब येतंय. मी कापड बघतच नाही. कापड काय सांगणार? मी इचारतो, साच्यावर कोण होतं, केव्हा होतं, त्याआधी काय बदललं. आता तू सांग. तू मोजलं तेव्हा काय काय झालं? जसंच्या तसं."

"काय होणार, नाना? एका सकाळी साठ मुलं असतात. वजन, उंची, दाब. हर्षदा आली, बसली. कलाबाई, म्हणजे तिची आई, शेजारी उभी. त्या दोराले हात लावू नको बहीण, म्हणाली. मी बरं म्हटलं. पट्टा बांधला, मोजलं, लिहिलं. आकडा बघून घाबरले, पुन्हा मोजलं. तेवढंच निघालं."

"कसला दोरा?"

"दंडात ताईत आहे. श्रावणात कानबाई बसवली त्या दिवशी, देवीसमोर बांधलेला."

नानांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "उद्या मला तुझा दवाखाना दाखव. यंत्रापासून सुरू करू. यंत्राला भाचे-पुतणे नसतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला तुझी नोकरी नको असते. बाकी कुणाकुणाला पाहिजे, ते बघू."

३

यंत्र अगदी निरोगी निघालं. नानांनी दंड पुढं करून स्वतःचा दाब चार वेळा मोजून घेतला. चारही वेळा एकशे तीसच्या आगेमागे.

"लई इमानदार यंत्र शे," ते ओरडले. "माझ्यावर बी दया दाखवत नाही."

"हळू बोला, मास्टर, हा दवाखाना आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

प्रमिलाबाई इथली सगळ्यात जुनी नर्स. मूळ अकोल्याकडच्या, बांधा भक्कम, जीभ त्याहून भक्कम. त्यांची भाची सुवर्णा नर्सिंगचा कोर्स करून घरी बसली होती आणि सुषमाची जागा रिकामी झाली तर ती कुणाला मिळेल, हे दवाखान्यातल्या फरशीलाही माहीत होतं. कार्डांच्या कपाटाची किल्लीही प्रमिलाबाईंच्याच कनवटीला.

नानांनी त्यांच्याकडं बघून फक्त एक भुवई वर केली.

"समजली मला तुमची भुवई," प्रमिलाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सुवर्णाला नोकरी लागली तर मी अख्ख्या उधन्याला पेढे वाटीन, लपवत नाही. पण लहान पोरीच्या कार्डावर खोटा आकडा? मायबाई! माझ्या हातून बाळंत झालेल्या बाया आता आज्या झाल्या. बघा ना कार्ड, खाडाखोड आहे कुठं?"

नाहीच होती. प्रत्येक आकडा ज्याच्या त्याच्या अक्षरात, साफ.

"तसं नव्हे हो," नाना म्हणाले. "तुमची नजर सगळीकडं असते असं ऐकलं. कोणत्या दिवशी पोरीला कोण घेऊन आलं होतं, तेवढं आठवतं का?"

स्तुती वाया गेली नाही. प्रमिलाबाई स्टुलावर टेकल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. "शनिवारी, डॉक्टरांकडं, बाप. नेहमी बापच. बाहेरच्या बाकावर पोरीची बाही वर करून काहीतरी खटपट करत बसतो, मग आत नेतो. काल बी बापच. मंगळवारी आई. दोन्ही मंगळवारी आई."

सुषमानं कार्डावर बोट फिरवलं. शनिवार, बाप, चौऱ्याऐंशी. बुधवार, बाप, चौऱ्याऐंशी. मंगळवार, आई, एकशे चौसष्ट. मंगळवार, आई, एकशे अडुसष्ट.

"नाना! आई आणते तेव्हा दाब चढतो. बाप आणतो तेव्हा उतरतो."

"यात काय नवल?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी बी तसंच होतं."

नाना मोठ्यानं हसले, पण त्यांचं बोट कार्डाच्या पहिल्या ओळीवर होतं. शहाऐंशी, सुषमाच्या अक्षरात. "आणि ह्या दिवशी?"

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले. "आई. पक्कं आठवतं, माझ्याशी भांडली होती नंबरावरून."

"म्हणजे आई होती, आणि दाब कमीच होता. केव्हाची गोष्ट?"

"कानबाईच्या आधीची. त्या आठवड्यात नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळायला टाकायचे होते, म्हणून तर तिला घाई."

नानांनी कार्ड बंद केलं. हसू ओसरलं होतं.

"कानबाईच्या आधी आईसोबत दाब कमी. कानबाईनंतर आईसोबत दुप्पट. सुषमा, त्या बाईनं कानबाईपासून काहीतरी नवीन सुरू केलंय. बाप आणतो तेव्हा ते नसतं, म्हणजे ते बापाला ठाऊक शे."

४

उधन्याच्या चाळीत कलाबाईची एकच खोली होती आणि तिच्यात साड्यांना माणसांपेक्षा जास्त जागा मिळाली होती. कलाबाई गुलाबी साडीला लेस लावत बसली होती. मास्टरला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"या ना, बाबा. बठा." मग सुषमाकडं वळून, घाबऱ्या आवाजात, "मनी पोरले काय व्हयनं, बहीण? दर दोन दिवसाले बोलावतस."

"काही नाही, सहज आलो," सुषमा म्हणाली, आणि आपण किती सहज खोटं बोललो याचं तिला वाईट वाटलं.

नानांनी सरळ विषयाला हात घातला. "कानबाईपासून पोरीला काही खायला देता का? कुणाचा अंगारा, काढा, मुळी?"

"कानबाईनी आण, काहीच नही!" कलाबाईचे डोळे भरले. "शिरपूरना भगतकडथून ताईत आणा, तेवढाच. सव्वा महिना दंडवरथून हालवाना नही, असं त्यानी सांगेल शे. मी त्याले हात बी लावू देत नही कोनले. डाक्टरनी बाईले बी नही."

तेवढ्यात हर्षदा नळावरून कळशी घेऊन आली. उजव्या कमरेवर कळशी, डावा हात मोकळा. नानांनी तिच्या हातून कळशी घेतली आणि खाली ठेवली.

"एवढी जड? हात बदलत जा ना, माय."

"डावा लगेच दमतो, आजोबा. वेणी घालायला वर केला तरी भरून येतो. अर्धी वेणी आई घालते."

"आळशी शे," कलाबाई म्हणाली, पण मायेनं.

नानांनी हर्षदाला जवळ बसवलं. "बघू तुझा ताईत. बापरे, चांदीचा! आणि दोरा कुणी बांधला?"

"मीच," कलाबाई म्हणाली. "कानबाईसमोर बसाडीसन बांधा. तव्हापासून कोनी सोडेल नही."

नानांनी दोऱ्याची गाठ नखानं चाचपली. सुषमानं वडिलांचा चेहरा अनेक वर्षं वाचला होता. ओठांचा उजवा कोपरा किंचित हलला. साच्यातला बिघाड सापडला की तो तसाच हले.

"ताई, तुम्ही कधी साच्यावर काम केलं?"

"नही, बाबा. मी घरनंच काम करस."

"बरं, बरं." त्यांनी गाठीवरचा हात काढला आणि हर्षदाचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. "चल, फुगडी घालू? बसून घालू, माझे गुडघे गेले."

हर्षदा खुदकन हसली. नानांची बोटं तिच्या मनगटांभोवती बसली. आणि मग ते थांबले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सुषमाला लहानपणीचा कारखाना आठवला. ती डबा घेऊन जायची, तेव्हा नाना असेच उभे असत, चालू साच्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तळवा टेकवून. धोटा डावीकडून उजवीकडं जातो, उजवीकडून डावीकडं येतो, आणि दोन्हीकडचा ठोका सारखा पाहिजे. ऐकू येईनासं झाल्यावर ते हातांनीच ऐकत.

बराच वेळ गेला. हर्षदाचं हसू विरलं. "आजोबा, झोपलात का?"

नानांनी डोळे उघडले. हसायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

"सुषमा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज भिंतीपलीकडं गेला नसेल इतका हळू होता, "उद्या सगळ्यांना दवाखान्यात बोलाव. धुडकूला बी. त्याच्याशिवाय चालायचं नाही."

बाहेर आल्यावर सुषमा म्हणाली, "माझा आकडा खरा आहे ना, नाना? सांगा ना."

"खरा शे."

तिला एकदम हलकं वाटलं. नोकरी वाचली. आणि पाच-सहा पावलं चालल्यावर तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. आकडा खरा म्हणजे काय, ते आठवलं. चार दिवस आपण देवाकडं काय मागत होतो, ते लक्षात आलं, आणि ती रस्त्याच्या मधेच उभी राहिली.

५

शनिवारी ट्रस्टचे लोक यायला तासभर होता. डॉक्टर वशींच्या खोलीत कलाबाई, धुडकू, हर्षदा, सुषमा आणि दारात, बोलावलं नसताना, प्रमिलाबाई.

"मास्टर, माझ्याकडं वेळ नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला बी नाही, साहेब. भात लावून आलोय." नाना धुडकूकडं वळले. "भाऊ, पोरीच्या दंडातल्या ताईताची गाठ तुमच्या बायकोनं बांधली. कानबाईपासून कुणी सोडली नाही, म्हणते. पण ती गाठ साच्यावरच्या माणसाची शे. तुटलेला धागा जोडायची, बारीक, दोन बोटांत मारलेली. घरातली बाई अशी गाठ मारत नाही, तिला येतच नाही. आमची मात्र बोटं झोपेत बी तीच मारतात. कितीदा सोडला ताईत?"

धुडकूनं खाली बघितलं. सगळे त्याच्याकडं बघत राहिले, कलाबाई सगळ्यांत जास्त.

"तीनदा," तो पुटपुटला. "डॉक्टरसाहेब शिकलेले. ताईत बघून हसतील, म्हणतील, ताईतच बांधायचा तर इथं कशाला आलात. म्हणून बाहेर बाकावर सोडायचो, खिशात ठेवायचो. घरी जाताना परत बांधायचो."

"सव्वा महिना!" कलाबाई किंचाळली. "भगतनी सांगेल व्हतं, सव्वा महिना! आनि तू खिशामा? तमाखूनी पुडीसंगे?"

"वरच्या खिशात, बाई. तंबाखू खालच्या खिशात असते."

प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांच्या ओठांवरही काहीतरी हललं, पण लगेच विरलं. "याचा रक्तदाबाशी काय संबंध?"

"सांगतो. हर्षदा माय, डॉक्टरकाकांना हात दे."

हर्षदानं डावा हात पुढं केला.

"हाच का गं?"

"मुलींचा डावा बघतात ना. गावाकडं वैद्यबाबा तसंच बघायचे. मुलांचा उजवा, मुलींचा डावा."

"बघा," नाना म्हणाले. "पोर सवयीनं डावा देते. कानबाईच्या आधी सुषमानं बी डावाच मोजला, शहाऐंशी. मग डाव्या दंडात ताईत आला. आईसोबत आली की ताईत सोडायचा नाही, मग पट्टा बांधायचा कुठं? उजव्या दंडाला. बाप आणतो तेव्हा ताईत खिशात, आणि पोर पुन्हा डावा देते. तुमच्या कार्डावर आकडा लिहायला जागा शे, साहेब. हात लिहायला नाही. सुषमा खोटं लिहीत नव्हती, तुम्ही बी नाही. तुम्ही दोघं एकाच साच्याच्या दोन बाजूंना उभे होता."

कलाबाईनं स्वतःच ताईताची गाठ सोडली. डॉक्टरांनी पट्टा उचलला. आधी डावा दंड: चौऱ्याऐंशी. मग उजवा. पारा चढत गेला, आणि उतरताना एकशे सत्तरवर त्यांचे डोळे थबकले. त्यांनी पट्टा सोडला, हर्षदाच्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली आणि नानांसारखेच डोळे मिटले.

"डावीकडं जवळजवळ लागतच नाही," ते शेवटी म्हणाले. "आवाज बारीक येत होता, मी अशक्तपणा समजलो. वीस वर्षं झाली मला या खुर्चीत, आणि मी दुसरा हात धरला नाही." ते सुषमाकडं वळले. "माफी मागतो. नंतर पुन्हा मागेन, आता आधी हिचं बघू."

मग त्यांनी कलाबाई-धुडकूला समोर बसवलं आणि सोपं करून सांगितलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना कधीकधी सूज येते. भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. डाव्या हाताची वाट अरुंद झाली, म्हणून तो दमतो आणि तिथं दाब कमी दिसतो. मूत्रपिंडाकडं जाणारी वाटही आवळली असणार, म्हणून बाकी शरीरात दाब चढला. खरा दाब उजव्या हाताचा.

"हे असं लहान मुलींना होतं, पण क्वचित. आणि आपल्याकडं अशा मुलांत पुष्कळदा क्षयाचा संसर्ग सापडतो. दोन्हींचा धागा नक्की कसा जुळतो, अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही, पण तो तपासावाच लागतो. हर्षदाला कधी टीबी झाला होता का?"

"नही," कलाबाई म्हणाली, इतक्या लवकर की प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

धुडकू छताकडं बघू लागला. हर्षदाचा हात फ्रॉकच्या कॉलरकडं गेला, आणि आईनं तो हळूच खाली ओढला.

सुषमानं ते पाहिलं. ती कलाबाईला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

"कॉलरखाली काय आहे, ताई?"

कलाबाई नुसती मान हलवत राहिली. सुषमा तिच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "माझ्या आईनं छातीतली गाठ आम्हाला दीड वर्ष सांगितली नाही. मी नर्स, घरातल्या घरात, आणि मला ठाऊक नव्हतं. लोक काय म्हणतील, मुलीचं लग्न राहिलंय, असं तिच्या मनात होतं. मी तिच्यावर अजून रागावलेली आहे. पण रागावून सांगू कुणाला?"

कलाबाईनं पदराच्या टोकाची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

"मानवर गाठी व्हत्यात," ती अखेर म्हणाली. "दोन वरीस व्हयनात. नंदुरबारले दवाखानामा गोळ्या दिध्यात, नऊ महिना खावाना सांगं. तीन महिनामा गाठी बठनात. मंग आमी आठे उनूत, नवी चाळ, नवा लोक. गोळ्या काढ्यात ते क्षयवाली म्हनतीन, कोन करी तिनासंगे लगीन? म्हनीसन मी बंद करात." तिनं वर पाहिलं. "कागद शे. जाळा नही. पिठना डबाना खाले ठेयेल शे."

"आणा," सुषमा म्हणाली. "मी येते बरोबर."

६

मोठ्या हॉस्पिटलात हर्षदा तीन आठवडे राहिली. डॉक्टर वशी दोनदा स्वतः स्कूटरवरून बघून आले. तिथल्या डॉक्टरांनी मोठमोठ्या तपासण्या केल्या आणि वशींचा अंदाज खरा ठरला. छातीत क्षय अजून शिल्लक होता. त्याच्या गोळ्या पहिल्यापासून, पूर्ण, सूज उतरवायची औषधं, दाबाची औषधं. डाव्या हाताची वाट पूर्वीसारखी मोकळी होईलच असं कुणी कबूल केलं नाही. पण मुलगी मोठी होईल, शाळेत जाईल, गोळ्या चुकवल्या नाहीत तर तिच्यापुढं भरपूर वर्षं आहेत, असं सांगितलं.

गोळ्या चुकू नयेत याचं काम नानांनी मागून घेतलं. रोज सकाळी आठ वाजता ते चाळीच्या तोंडाशी उभे राहून ओरडत, "हर्षदा, गोळ्या!" पहिल्या आठवड्यात कलाबाई लाजेनं अर्धी झाली. "बाबा, हळू, अख्खी चाळ ऐकस!" "काय म्हणता?" नाना कानाला हात लावत. दुसऱ्या आठवड्यात शेजारची एक म्हातारी स्वतःच्या खोकणाऱ्या नातवाला घेऊन नानांना भेटायला आली, आणि त्यानंतर कलाबाईनं लाजणं सोडून दिलं. ताईत आता गळ्यात होता. भगताची परवानगी आणायला धुडकू स्वतः शिरपूरला जाऊन आला होता, आणि त्याबद्दल घरी त्याला अजून एक अक्षर बोलायची सोय नव्हती.

ट्रस्टच्या लोकांपुढं कोणताच कागद गेला नाही आणि सुवर्णाला कोसाडच्या एका प्रसूतिगृहात जागा मिळाली. पेढे अख्ख्या उधन्याला नाही, पण दवाखान्याला मिळाले.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी हर्षदा तपासायला आली. गालांवर औषधाची गोबरी सूज होती, त्यावरून वर्गातल्या मुली चिडवतात म्हणून ती फुरंगटलेली होती. सुषमानं दोन्ही दंड मोजले. डावा नव्वद. उजवा एकशे बावीस. तिनं पुन्हा मोजलं नाही. कार्डावर लिहिलं आणि कार्ड डॉक्टरांपुढं ठेवलं.

डॉक्टर वशींनी आकडे वाचले. पारा असलेलं यंत्र त्यांच्या हाताशीच, टेबलाच्या कोपऱ्यावर होतं. त्यांनी ते ओढलं नाही.

"सरस," ते म्हणाले, आणि तिच्या अक्षराखाली सही करून पुढच्या पेशंटला हाक मारली.